आकाश ठेंगणं

स्वस्त वस्तूला नावं ठेवणं हा आपल्या मध्यमवर्गाचा जुना छंद आहे, आणि तीच वस्तू आणखी दोन रुपयांनी स्वस्त कुठे मिळते याची चौकशी करणं हा त्याहून जुना. म्हणून ‘आकाश’ नावाच्या टॅब्लेटला मी नावं ठेवायला बसलोय, ती त्याच्या किमतीवरून नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो. (टॅब्लेट म्हणजे गोळी नव्हे हो, पाटीएवढा संगणक. डोकं मात्र दोन्हीच्या वेळी दुखतच असतं.)

२०१० साली बोली झाली होती ३५ डॉलरची. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते आकाश एकदाचं खाली उतरलं, तेव्हा सरकारला ते ५० डॉलरच्या आसपास, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडलं. बनवणारी कंपनी डेटाविंड, आणि वापरणारा देशभरातला विद्यार्थी.

आता सव्वादोन हजारांत सगळंच कसं मिळणार? कात्री लावावी लागणारच. पण ती कुठे लावायची, यातच सगळी कला आहे. आमच्या लहानपणी घरातल्या सगळ्या पोरांचे शर्ट एकाच ताग्यातून निघत. कापड कमी पडलं की शिंपी खिसा गाळायचा, कॉलर आखूड करायचा. पण पोराचा हात बाहीत जातो की नाही, हे आधी बघायचा. आकाशच्या शिंप्याने खिसे दोन-दोन ठेवले आणि बाहीच शिवून टाकली!

खिसे म्हणजे दोन यूएसबी पोर्ट. अगदी ऐसपैस. आणि बाही म्हणजे सात इंची पडदा. तो स्पर्शाला नव्हे, दाबाला दाद देणारा. वरचा पातळ थर दाबून खालच्या थराला टेकवला, तरच यंत्राला पत्ता लागायचा. थोडक्यात, कचेरीतल्या कारकुनासारखा; हळू सांगितलेलं त्याला ऐकूच येत नाही. त्यातून प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा, रॅम २५६ एमबीची. म्हणजे दाबलेलं ऐकू आलं, तरी साहेब उठणार सावकाश. बॅटरी दोन-तीन तासांची. ज्या गावात वीज पाहुण्यासारखी येते आणि चहा न घेता जाते, तिथल्या पोराला दोन तासांची बॅटरी!

‘अहो, या किमतीत आणखी काय मिळणार?’ असं तुम्ही म्हणाल. उत्तर सरकारनेच दिलं. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आलं. किंमत जवळपास तीच, २२६३ रुपये. विद्यार्थ्याला सवलतीत ११३०. पडदा मात्र बोट नुसतं टेकवलं तरी ओळखणारा, प्रोसेसर एक गिगाहर्ट्‌झचा, रॅम दुप्पट. या धंद्यात सुटे भाग दरसाल स्वस्त होतात. तेव्हा वर्षभर थांबणं हीसुद्धा काटकसरच होती. पण आपल्याकडे आधी आकडा जाहीर होतो, मग मुहूर्त ठरतो, आणि वस्तूने त्या दोहोंत अंग चोरून बसायचं असतं.

असो. पहिल्या आकाशचं ऋण मी नाकारत नाही. टॅब्लेट एवढ्या पैशांत होऊ शकतो, हे निदान कुणीतरी करून दाखवलं. माझी तक्रार निराळी आहे. श्रीमंताच्या घरी यंत्र अडलं, की यंत्राला शिव्या बसतात आणि ते दुकानात परत जातं. ज्या पोराने आयुष्यात पहिल्यांदाच संगणकाला बोट लावलंय, त्याला कुठलं कळणार की पडदा जाड आहे आणि प्रोसेसर दमलाय? ते दोनदा दाबतं, तिसऱ्यांदा दाबतं, आणि मग यंत्र बाजूला सरकवून म्हणतं, “मला नाही जमत.”

हा खर्च कुठल्याही टेंडरात धरलेला नसतो.