एकसुरीपणाचा आरोप आणि तारांचा हिशेब

दलित कविता एकसुरी आहे, हा आरोप गेली पन्नास वर्षे होत आला आहे. काही दिवसांपूर्वी एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तो पुन्हा केला आणि त्याला वाद्यांची उपमा दिली. अभिजात कविता ही अनेक तारांची वीणा. दलित कविता हे तुणतुणे, त्याचा पल्लाच एका सुराचा, असे त्यांचे म्हणणे. सभागृह हसले. मला हसू आले नाही. माझे आजोबा जलशात झील धरत आणि तुणतुणे त्यांच्या हाती असे. पण उत्तर रागाने देऊन भागत नाही. उपमा वाद्याची आहे, तेव्हा तपासही वाद्याचाच केला पाहिजे.

तंतुवाद्याचा पल्ला कशाने ठरतो? तारेची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन या तीन गोष्टींनी. तार निम्म्या लांबीची केली की सूर एक सप्तक चढतो. तार जड केली की तो उतरतो. सतारीवर किंवा बिनेवर पडद्यांच्या साहाय्याने एकाच तारेतून अनेक सूर निघतात. हार्पचे तसे नाही. तिथे प्रत्येक तार मोकळी वाजते. एका तारेला एक सूर. म्हणून पल्ला वाढवायचा तर तारा वाढवाव्या लागतात. युरोपातील मैफिलीच्या हार्पला ४७ तारा असतात. सेकंदाला सुमारे ३१ कंपनांच्या खर्जापासून तीन हजारांहून अधिक कंपनांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा सप्तके, तिचा पल्ला आहे. तरीही मधले अर्धे सूर तिला सहज मिळत नव्हते. त्यासाठी पायांनी दाबायचे सात पेडल लागले. त्यांची दुहेरी यंत्रणा एरार याने १८१० साली सिद्ध केली.

या मापाने तुणतुण्याचा पल्ला शून्य भरतो. हे मी मान्य करतो. पण याच मापाने तंबोऱ्याचा पल्ला किती भरतो? चार तारा: एक पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि एक खर्जाचा षड्ज. सगळा मिळून एका सप्तकाचा आवाका, आणि तोही मैफलभर तसाच, न बदलता. तरी तंबोऱ्यावर गाणाऱ्या गायकाला कोणी एकसुरी म्हणत नाही. उलट त्या न हलणाऱ्या सुरावरच गायकाचे तिन्ही सप्तकांतले फिरणे उमजते, असे आपल्याला शिकवले जाते. शाहिराच्या मागे तुणतुणे हेच काम करते. तेही आधाराचा षड्ज धरते. वर कवन चढते, उतरते, थांबते, प्रश्न विचारते. एका ठिकाणी जे 'स्वराधार' ठरते तेच दुसऱ्या ठिकाणी 'एकसुरी' कसे ठरते? 'तेच तुणतुणे वाजवणे' असा वाक्प्रचार मराठीत आहे. 'तोच तंबोरा छेडणे' असा नाही. हा फरक ध्वनिशास्त्राने केलेला नाही. तो वाद्य कोणाच्या हातात आहे, यावरून झाला आहे.

याचा पुरावा आपल्याच भूमीत आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकवीस तारांच्या मत्तकोकिला वीणेचे वर्णन आहे. तरीही एका तारेच्या एकतंत्री वीणेचा त्यात मोठा गौरव आहे. तिच्या दांड्यात शंभू, तारेत उमा, तुंब्यात ब्रह्मा मानला आहे. तिच्या केवळ दर्शनाने आणि स्पर्शाने पाप फिटते. न्यायाने बोलायचे तर एकतंत्रीवर तार दाबत अनेक सूर काढले जात. तुणतुण्यावर ते काढत नाहीत. पण मुद्दा एवढाच की, एकच तार असणे हा शास्त्रकारांच्या लेखी दोष नव्हता. दरबारातली एक तार मोक्ष देते आणि गावकुसाबाहेरची एक तार विनोदाचा विषय होते.

हार्पचा इतिहास तर याहून बोलका आहे. प्राचीन वाङ्मयातील वीणा ही बहुतांशी धनुष्याकृती हार्पच होती. नाट्यशास्त्रातील चित्रा वीणा सात तारांची, विपंची नऊ तारांची. भाजे येथील विहाराच्या शिल्पात अशी वीणा वाजवणारी आकृती दिसते. समुद्रगुप्ताने आपल्या नाण्यावर स्वतःला ती वाजवताना कोरवून घेतले. पुढे दांड्याच्या वीणा आल्या, आणि हार्प भारतातून नाहीशी झाली असे ग्रंथ सांगू लागले. कोणाच्या भारतातून? १९८५ साली रॉडरिक नाइट या अभ्यासकाने मध्य प्रदेशातील परधानांच्या पाच तारांच्या 'बीन-बाजा'वर लेख प्रसिद्ध केला. राजाने नाण्यावर मिरवलेले वाद्य गोंडांच्या वंशकथा गाणाऱ्या आदिवासी गायकांनी सांभाळून ठेवले होते. ग्रंथकारांनी त्यांच्याकडे पाहिलेच नाही, म्हणून वाद्य मृत ठरले. साहित्याच्या इतिहासातही अनेक मृत्यूंच्या नोंदी अशाच झाल्या आहेत.

आता आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपल्या नियतकालिकांत येणाऱ्या कवितांपैकी काही खरोखरच एकसुरी असतात. सूर्य, वणवा, निखारा या शब्दांचा भरणा केला की विद्रोह सिद्ध होतो, असा समज त्यांत दिसतो. आरोप करणाऱ्याचा हेतू वाईट आहे, एवढ्याने आपली कविता चांगली ठरत नाही. फक्त आपली कसोटी वेगळी असली पाहिजे, आणि ती उसनी आणण्याची गरज नाही. अंगुत्तर निकायात सोण कोळिविस या भिक्षूची कथा आहे. अतिरेकी साधनेने तो निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवत असे, हे जाणून तथागतांनी त्याला विचारले: तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार ढिल्या सोडल्या तर? तारा किती आहेत, हे तथागतांनी विचारले नाही. त्या लागल्या आहेत का, एवढेच विचारले.

हीच समीक्षेची कसोटी आहे. ढिल्या तारेची कविता दुःखाचे रडगाणे होते; अति ताणलेल्या तारेची कविता घोषणा होऊन तुटते. जी तार अनुभवाच्या षड्जाशी नेमकी लागलेली आहे, ती एक असली तरी तिच्यावर माणसाचे सगळे आयुष्य गाता येते. माझे आजोबा कार्यक्रमाआधी बराच वेळ खुंटी पिळत बसत. लोक खोळंबत. सूर लागेपर्यंत ते शाहिराला उभे राहू देत नसत. त्या प्राध्यापकांना द्यायचे उत्तर मला तिथे सापडते. आणि आपल्या तरुण कवींना करायची सूचनाही.