मांगातील रंजन आणि बोध

हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने २०२३ साली आपल्या शांतता-शिक्षणाच्या पुस्तिकेतून ‘हादाशी नो गेन’ (अनवाणी गेन) या मांगातील उतारे वगळण्याचा निर्णय घेतला. नाकाझावा केइजी (१९३९–२०१२) यांची ही दहा खंडांची चित्रकथा अणुबाँबविषयीच्या साहित्यात मानाचे स्थान मिळवून बसली आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी नाकाझावा सहा वर्षांचे होते. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्यांनी त्याच दिवशी गमावले. उतारे वगळण्यामागील आक्षेप मात्र संहाराच्या चित्रणावर नव्हता. अशक्त, गरोदर आईला खाऊ घालण्यासाठी गेन एका श्रीमंताच्या तळ्यातील कार्प मासा चोरतो, या प्रसंगातून मुलांचा गैरसमज होईल असे म्हटले गेले. पैसे मिळविण्यासाठी तो रस्त्यावर रोक्योकू गातो. पोवाड्याशी दूरचे नाते सांगणारा हा कथागायनाचा प्रकार आजच्या मुलांना परका वाटेल, असाही मुद्दा होता. चार चौकटींच्या उताऱ्यातून बाँबस्फोटाचे वास्तव पोहोचत नाही, ही तक्रारही त्यात होती. ती खरी आहे, पण तिचा रोख चुकला आहे. दोष उताऱ्याचा नव्हे, कथेतून बोध खुडून काढता येतो या समजुतीचा आहे.

मराठी वाचकाला या वादाची मूळ मांडणी नवी नाही. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ या फडके-खांडेकरांच्या नावांशी जोडल्या गेलेल्या भूमिकांनी एका पिढीची समीक्षा व्यापली होती. जपानमध्ये हा प्रश्न अधिक व्यावहारिक रूपात उभा राहिला, कारण तेथे प्रतिवादी पालक आणि शिक्षक होते. वास्तविक ‘मांगा’ हा शब्द ज्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाला, तो १८१४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला ‘होकुसाई मांगा’ चित्रकला शिकणाऱ्यांसाठी केलेला नमुन्यांचा संग्रहच होता. तरीही १९५५ च्या सुमारास मुलांच्या ‘वाईट पुस्तकां’विरुद्ध जी मोहीम उभी राहिली, तिचे प्रमुख लक्ष्य मांगा हेच होते; तेझुका ओसामू यांच्यासारखा वैद्यकाची पदवी घेतलेला, बहुश्रुत चित्रकथाकारही तिच्या तडाख्यातून सुटला नाही. पुढे या प्रकाराला प्रतिष्ठा मिळत गेली ती अनेकदा उपयुक्ततेच्या दाखल्यावर. इतिहास, विज्ञान, चरित्रे सांगणाऱ्या ‘गाकुशू मांगा’ला, म्हणजे अभ्यास-मांगाला, शाळांच्या ग्रंथालयांची दारे सहज उघडली.

या प्रवाहाचा प्रौढ आविष्कार म्हणजे इशिनोमोरी शोतारो यांचा १९८६ मधील जपानी अर्थव्यवस्थेचा परिचय-मांगा. व्यापारी तणाव, येनचा चढता भाव अशी प्रकरणे त्यात कंपनीतील माणसांच्या कथेत गुंफली आहेत. दोन वर्षांत त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. इशिनोमोरी हे कसलेले कथाकार होते, हे त्यांच्या इतर कृती सांगतात. येथे मात्र पात्रे आपले दुःख बाजूला ठेवून आकडेवारी समजावून देऊ लागतात आणि वाचकही तितकाच वेळ त्यांना माणसे म्हणून पाहणे थांबवितो. मम्मटाने काव्याच्या उपदेशाला कान्तासंमित म्हटले आणि वेदाज्ञेच्या प्रभुसंमित व इतिहासपुराणांच्या सुहृत्संमित उपदेशापासून तो वेगळा काढला. त्या मापाने हा ग्रंथ फार तर चांगल्या मित्राचा सल्ला ठरतो. सल्ला जुना होतो.

तेझुका यांचा ‘बुद्ध’ (१९७२–१९८३) नेमक्या उलट टोकाला आहे. भारतीय विद्यार्थ्याने बुद्धचरित्र शिकण्यासाठी तो हाती घेतला, तर पदोपदी अडखळावे लागेल. आरंभी दीर्घकाळ सिद्धार्थ नाहीच. क्षत्रिय असल्याची बतावणी करून वर चढू पाहणारा शूद्र चाप्रा आणि प्राण्यांच्या मनात शिरू शकणारा अस्पृश्य मुलगा तत्ता ही कल्पित पात्रे कथा पुढे नेतात. मध्येच आधुनिक विनोद येतात, चित्रकार स्वतः चौकटीत डोकावतो. इतिहासाचा पाठ म्हणून हे अविश्वसनीय आहे. तथापि जन्माने ठरलेली उतरंड माणसाला आपल्या आईपासूनही कशी तोडते, हे चाप्राच्या कथेतून जितके अंगावर येते, तितके अनेक साधार चरित्रांतून येत नाही. ज्या पात्रांमुळे पाठ बिघडतो, त्याच पात्रांमुळे बुद्धाच्या प्रश्नाची निकड कळते. ही निकड तारखांच्या तक्त्यात बसत नाही, म्हणून ती बोध नव्हे असे म्हणणे कठीण आहे.

‘गेन’ १९७३ मध्ये ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाला, मुलांच्या दंगामस्तीच्या आणि मारामारीच्या कथांच्या शेजारी. त्या शेजाराची खूण त्यावर स्पष्ट आहे. गेन चावतो, वेडीवाकडी गाणी म्हणतो, रताळ्यावरून भावाशी भांडतो. पहिला खंड जवळजवळ सगळा या भुकेल्या, भांडखोर, हसऱ्या घरात जातो आणि बाँब अखेरीस पडतो. कोसळलेल्या घराखाली अडकलेले वडील, बहीण आणि शिंजी गेनच्या डोळ्यांदेखत जळतात, तेव्हा वाचकाला आठवते ते रताळे. ती भांडणे कुणी मनोरंजनाचा पाचपेच म्हणून गाळली, तर उरणारा प्रसंग करुण राहील, परंतु तो अनोळखी माणसांचा मृत्यू असेल. माशाची चोरीही अशीच. युद्धकाळातील उपासमारीविषयी एक वाक्यही न लिहिता नाकाझावा ती सांगतात, आणि चोरी करावी की नाही हा प्रश्न मुलाच्या मनात मोकळा सोडतात. शिक्षकाला नेमके तेच अडचणीचे वाटावे, यात नवल नाही.

मात्र नाकाझावांनाही हा तोल सर्वत्र राखता आलेला नाही. साप्ताहिकातून बाहेर पडलेली ही मालिका पुढे मतप्रधान नियतकालिकांत, शेवटी शिक्षक संघटनेच्या मुखपत्रात, चालली. उत्तरार्धात गेन वाढत्या प्रमाणात भाषणे करतो. सम्राटाची जबाबदारी, आशियातील जपानी सैन्याचे अत्याचार यांविषयी तो जे बोलतो त्यात तथ्य आहे, पण ते त्याच्या तोंडचे वाटत नाही. याच भागातील चित्रणावरून मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ च्या अखेरीस शाळांना हे खंड मुलांना सहज मिळणार नाहीत असे ठेवण्यास सांगितले होते. जनक्षोभानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये ही सूचना मागे घ्यावी लागली. बंदीचा निषेध योग्यच होता. परंतु त्या गदारोळात, जेथे सर्वाधिक शिकवले जाते तेथेच कथा सर्वाधिक फिकी पडते, या वाङ्मयीन प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले. पाट्या रंगविणारा गेन चित्रकार व्हायचे ठरवून तोक्योच्या वाटेला लागतो, त्या अखेरच्या पानांत नाकाझावांचा हात पुन्हा सैल होतो आणि पहिल्या खंडातील तो वात्रट मुलगा ओळखू येतो.