ज्ञानेश्वरीतील योगस्थान : एक भाषिक विचार

आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासास उचित अशा स्थळाचे वर्णन येते. गीतेच्या अकराव्या श्लोकात त्या देशाला ‘शुचि’ एवढे एकच विशेषण आहे. ज्ञानदेव त्याचा विस्तार सदाफळ दाट वृक्ष, पावलोपावली उदक, मंद वारा, शीतल ऊन आणि विरळ पक्षी यांनी करतात.

हा विस्तार केवळ अलंकरण मानणे युक्त नव्हे. न राहणाऱ्यास राहविणे, भ्रमणाऱ्यास बैसविणे, विरक्तीस चेवविणे या प्रयोजक क्रियांचे कर्तृत्व येथे साधकाकडे नसून स्थळाकडे आहे. म्हणूनच अवचित आलेला सकाम पुरुषही परतणे विसरतो. हा परिणाम पूर्वसाधनेची अपेक्षा करीत नाही.

जपानच्या वनखात्याने १९८२ साली पुरस्कारिलेल्या ‘शिनरिन-योकू’शी, म्हणजे वनस्नानाशी, याचे साम्य सहज सुचेल. परंतु ते परिणामापुरते आहे. प्रयोजन भिन्न आहे. तेथे स्वास्थ्य हेच साध्य, तर येथे स्वास्थ्य हे वैराग्याचे द्वार होय. हा भेद पुसून ज्ञानदेवांस आरोग्यशास्त्राचे पूर्वसूरी ठरविल्यास ओवीतील क्रियापद उरेल, पण त्याचे कर्म हरवेल.