खेळाच्या नकाशावर अजून कोट उभा आहे

मोबाईलवर कोडी सोडवत जुनं शहर पायी फिरायचं, हा प्रकार आता आपल्याकडेही आलाय. गाईड नाही, गट नाही, वेळेचं बंधन नाही. पैसे भरायचे, सांगितलेल्या जागी जाऊन उभं राहायचं, की फोनवर पहिलं कोडं येतं. उत्तर टाकलं की त्या जागेबद्दल चार ओळी आणि पुढच्या जागेचा इशारा. दहा-बारा कोडी, दोनेक तास, शेवटी स्क्रीनवर फटाके. गेल्या महिन्यात मुंबईच्या फोर्ट भागातला असा एक खेळ मी खेळले. त्याचं नाव देत नाही, कारण मला एका कंपनीविषयी तक्रार करायची नाहीये. या खेळांची घडणच कुठेतरी चुकतेय, त्याबद्दल बोलायचंय. शिवाय ज्या निळ्या ठिपक्यावर हे खेळ चालतात, तो ठिपका दाट वस्तीत का भरकटतो हाच माझ्या पीएचडीचा विषय आहे. त्यामुळे थोडं विज्ञान सहन करावं लागेल.

तर आधी ठिपका. तुमचा फोन उपग्रहाला काही विचारत नसतो, तो नुसता ऐकत असतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत आपली वेळ सांगत असतात. ती हाक पोचायला किती उशीर झाला, यावरून फोन अंतर काढतो. अशी किमान चार अंतरं हातात आली की जागा ठरते. गंमत अशी की प्रकाशाच्या वेगाने एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर कापले जातात. म्हणजे वेळ १०० नॅनोसेकंदांनी चुकली की अंतर ३० मीटरने चुकलंच. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतो. इथे खारबावला शेताच्या बांधावर उभं राहा, ठिपका गुपचूप पायाशी येऊन बसतो.

फोर्टच्या गल्लीत तसं होत नाही. दोन्ही बाजूंच्या उंच इमारती निम्म्याहून जास्त आकाश झाकतात. वर दिसणारे उपग्रह कमी, आणि जे ऐकू येतात त्यांची हाक समोरच्या भिंतीवर आपटून, वळसा घेऊन येते. डोंगरात कुणी हाक मारली आणि तुम्हाला फक्त प्रतिध्वनी ऐकू आला, तर माणूस पलीकडच्या कड्यावर आहे असंच वाटेल ना? फोनचंही तेच होतं. आम्ही याला मल्टिपाथ म्हणतो. नव्या, दोन वारंवारतांवर ऐकणाऱ्या फोनमध्ये हा त्रास कमी झालाय, पण गेलेला नाही.

खेळ बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून ते प्रत्येक जागेभोवती एक वर्तुळ आखतात, की तुमचा ठिपका वर्तुळात आला तरच कोडं उघडेल. वर्तुळ मोठं ठेवलं तर टॅक्सीत बसूनही खेळता येतं. लहान ठेवलं तर माणूस बरोबर पाटीखाली उभा असतो आणि फोन म्हणत राहतो, ‘अजून जवळ जा’. मला दोन्ही अनुभव एकाच सकाळी आले.

पण माझं म्हणणं असं की या भांडणात उपग्रहाला ओढायचंच कशाला? कोडं सोडवायला जर जागेवर यावंच लागत असेल, तर माणूस आलाय की नाही याची साक्ष त्याचं उत्तरच देईल. घरी सोफ्यावर बसून सुटत असेल, तर तुम्ही कितीही अचूक वर्तुळ आखा, ते कोडं त्या जागेचं नाहीच.

ही कसोटी लावली की खेळाची बरीच पडझड होते. सेंट थॉमस कॅथेड्रलसमोर प्रश्न होता, हे चर्च कधी खुलं झालं? १७१८. मान वर न करता, शोध घेऊन टाकता येतं. हॉर्निमन सर्कलला विचारलं, ही बाग कुणाच्या नावाने आहे? एका संपादकाच्या, ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या बेंजामिन हॉर्निमन यांच्या. हेही पाटीवर आणि नेटवर दोन्हीकडे. टाऊन हॉलच्या पायऱ्या किती, हा प्रश्न त्यातल्या त्यात बरा, कारण निदान माणूस पायऱ्यांकडे बघतो. पण तो आकडाही नेटवर पडलेला आहे, आणि १८३३ सालच्या त्या इमारतीसमोर उभं राहून कुणी फक्त मोजणी करावी हे मला जरा गरिबीचं लक्षण वाटतं.

वाईट याचं वाटतं की याच जागांवर चांगली कोडी नुसती पडून आहेत. कॅथेड्रलचंच घ्या. जुन्या मुंबईचे मैल इथून मोजले जात. हा शहराचा शून्य. इथून निघणाऱ्या रस्त्यांवर रोमन आकडे कोरलेले काळे दगड रोवले होते. तो त्या काळचा जीपीएसच म्हणा. फरक इतकाच की मैलाचा दगड मल्टिपाथमुळे उडी मारत नाही, फार तर पदपथ उंच होत गेला की त्याखाली गाडला जातो. तसे काही गाडले गेलेही, आणि अलीकडे त्यातले काही महापालिकेने पुन्हा वर काढले. एका दगडावरचा आकडा वाचायचा, शून्यापासून आपण किती चाललो ते मोजायचं, आणि फोन काय म्हणतो त्याच्याशी ताडून बघायचं. यासारखं दुसरं कोडं नाही.

हॉर्निमन सर्कलचंही तेच. बाग होण्याआधी ती बॉम्बे ग्रीन होती आणि कापसाच्या गासड्या तिथे रचल्या जात. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला, पुढे आणखी हलला, आणि आज हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन उरलंय. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या भिवंडीच्या माणसाला ही गोष्ट संपादकाच्या नावापेक्षा नक्की जास्त भिडेल. खेळात कापसाचा शब्दही नाही.

एक कोडं मात्र मनापासून आवडलं. काळा घोडा. प्रश्न फक्त एवढाच होता, की घोड्यावर कोण बसलंय? मान वर करून बघितल्याशिवाय उत्तर येत नाही, आणि बघितलं की आणखी गोंधळ होतो, कारण घोड्यावर कुणीच नाही. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, तो राजपुत्र असतानाचा. १९६५ मध्ये तो उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. आत्ताचा बिनस्वाराचा घोडा २०१७ चा. म्हणजे मधली ५२ वर्षं त्या चौकात घोडाच नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की तो बरोबर आणून सोडत होता. नावाची ही चिवट स्मृती चार शब्दांच्या प्रश्नात पकडलीय. बनवणाऱ्याने हे केलं तर बाकीची दहा कोडी अशी का केली, हा प्रश्न मला दिवसभर सतावत राहिला.

त्याचं उत्तर मला नंतर सापडलं, असं वाटतं. घरी येऊन मी सगळे थांबे नकाशावर टाकले. (सवय. आम्ही लोक बाजाराला गेलो तरी ट्रॅक रेकॉर्ड करतो.) अकराच्या अकरा थांबे वीर नरिमन रोडवर किंवा त्याच्या दक्षिणेला होते. उत्तरेला एकही नाही.

या रस्त्याचं जुनं नाव चर्चगेट स्ट्रीट. किल्ल्याची भिंत होती तेव्हा हा रस्ता आतल्या वस्तीची फाळणी करायचा. दक्षिणेला इंग्रज, उत्तरेला पारशी, गुजराती, बोहरी, म्हणजे ‘नेटिव्ह’. उत्तरेकडचा दरवाजा तो बाजारगेट. १८०३ मध्ये मोठी आग लागली ती या उत्तर भागात, आणि त्यानंतर वस्ती कोटाबाहेर पसरायला जोर आला. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तटबंदी पाडली. भिंत गेली, दरवाजे गेले, नावं तेवढी राहिली. आणि दीडशेहून जास्त वर्षांनी एका मोबाईल गेमने तीच रेघ पुन्हा आखली. मुद्दाम आखली असेल असं मी म्हणत नाही. उलट कुणाच्या लक्षातही आलं नसेल, आणि तीच अडचण आहे.

हे होतं कसं? कोडी बनवणारा बहुधा इंटरनेटवर आधीच लिहिलेल्या माहितीतून बनवतो. ज्या इमारतीवर इंग्रजी फलक आहे, जिच्यावर लेख आहे, जिचे फोटो आहेत, ती आत येते. बाकीची बाहेर. ‘पोकेमॉन गो’ची गोष्ट आठवून बघा. २०१६ मध्ये तो आला तेव्हा त्यातले थांबे बऱ्याच अंशी ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळाच्या खेळाडूंनी सुचवलेल्या जागांवरून आले होते. जिथे खेळाडू नव्हते तिथे थांबेही नव्हते. गावंच्या गावं रिकामी. विदा जिथून गोळा होते तिथलंच जग तिच्यात दिसतं, हे आमच्या विषयात पहिल्या सहामाहीत शिकवतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बोरा बाजार, बाजारगेटचा भाग कामाच्या दिवशी हातगाड्या, हमाल आणि टेम्पोंनी भरलेला असतो. तिथे फोनमध्ये डोकं घालून चालणारा माणूस स्वतःही पडेल आणि दुसऱ्यालाही पाडेल. दुकानाच्या पाट्यांवर कोडं बांधलं तर सहा महिन्यांत दुकान बदलतं आणि उत्तर शिळं होतं. या अडचणी खऱ्या आहेत. पण रविवारी हे रस्ते बऱ्यापैकी मोकळे असतात, आणि दगडात कोरलेल्या गोष्टी तिथेही भरपूर आहेत.

भाषेचं काय, तर खेळात मराठीचा पर्याय होता. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘कमानीची किल्ली शोधा’. मूळ इंग्रजीत कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड असणार. यंत्राने त्याची किल्ली केली. हसून सोडून देता येईल, पण एक गोष्ट सोडवत नाही. मराठीत या भागाचं स्वतःचं नाव आहे, कोट. आणि त्याच्या बाहेरचा तो बाहेरकोट. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली आलं, म्हणजे तट पाडण्याच्या त्याच काळात. मराठीत या शहरावर इतकं जुनं लिखाण असताना मराठी आवृत्तीत ‘कोट’ हा शब्द एकदाही येऊ नये?

आता आमच्या खारबावचं. असा खेळ इथे होईल का, असं मी घरी विचारलं तर सगळे हसले. भिवंडी म्हटलं की माग आणि गोदामं. फलक लावलेलं काय आहे? पण याच तालुक्यात लोनाडला शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. अंजूर आहे, जिथल्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेसाठी खटपट केली, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. माझ्या मते फलक नसणं हाच इथला फायदा. नेटवर आयतं उत्तर नसल्यामुळे कोडं बनवणाऱ्याला स्वतः येऊन बघावं लागेल, माणसांना विचारावं लागेल.

एक नमुना देते. आपल्याकडच्या बऱ्याच रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वाचा. मग फोनमध्ये जीपीएसची कच्ची उंची दाखवणारं एखादं ॲप उघडा. इथल्या खाडीकाठच्या पट्ट्यात बहुतेक वेळा आकडा उणे येईल, तोही पन्नास-साठ मीटरच्या आसपास. फोन बिघडलेला नाही. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणानुसार वर-खाली होते, आणि आपल्या किनाऱ्यावर ती त्या आकाराच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. (म्हणून बरीच ॲप्स हा फरक आधीच दुरुस्त करून दाखवतात.) प्रश्न साधा आहे, की पाटी आणि फोन यांच्यात किती मीटरचं भांडण आहे? फलाटावर उभं राहिल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटल्यावर पायाखालची जमीन थोडी वेगळी वाटते. दुसरं कोडं गावाच्या नावातच ऐकू येतं. खार म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन, बाव म्हणजे विहीर. गावातल्या कुठल्या विहिरीचं पाणी गोडं आहे? हे कुठल्याही उपग्रहाला कळत नाही. एखाद्या आजीला विचारावं लागेल, आणि ती आधी तुम्ही कुणाचे हे विचारेल.

तोवर फोर्टला जाणार असाल तर जरूर जा, तो खेळही खेळा, काळ्या घोड्यासाठी पैसे वसूल आहेत. आमच्यासारखे वसई-दिवा मार्गावरचे असाल तर गाड्या मोजक्याच, वेळ बघून निघा, आणि चर्चगेटऐवजी दिव्याहून सीएसएमटीला उतरा. खेळाच्या सुरुवातीच्या जागेकडे जाताना तुम्ही आपोआप त्याच उत्तर भागातून चालाल, जो त्याच्या नकाशावर नाही. वाटेत पेरिन नरिमन स्ट्रीट लागेल, म्हणजेच जुना बाजारगेट स्ट्रीट. तिथे १७३३ साली स्थापन झालेली माणेकजी सेठ अग्यारी आहे. पारशी नसाल तर आत जाता येत नाही, पण दार रस्त्यावरून दिसतं. दारावर दोन राखणदार आहेत, तोंड माणसाचं, दाढीवालं. पंखही आहेत. अंग कुणाचं, ते तिथे उभं राहून बघा.