शेवंड आणि चान्या : पाककृतीच्या वाचनासंबंधी काही विचार

१

पाककृती हे वाङ्मय आहे काय, हा प्रश्न मराठी समीक्षेला फारसा महत्त्वाचा वाटलेला नाही. कविता, कथा, नाटक यांची चर्चा करणाऱ्या समीक्षकाच्या घरात पाककृतीचे पुस्तक असतेच. पण ते स्वयंपाकघरातल्या फळीवर असते, अभ्यासिकेत नसते. वस्तुतः ज्या घरात कवितासंग्रह कधी विकत आणला गेला नाही, अशा घरातही पाककृतीचे पुस्तक पोचलेले आहे. जे पुस्तक इतके वाचले जाते आणि ज्याच्या सांगण्याप्रमाणे माणसे हात हलवतात, ते समाजाच्या मनावर सत्ता गाजवीत असले पाहिजे. अन्न कशाला म्हणावे, सणाचे ताट कोणते, पाहुण्यापुढे काय ठेवावे आणि काय लपवावे, हे ते पुस्तक ठरवीत असते. म्हणून त्याची समीक्षा झाली पाहिजे. ती ज्यांची ताटे त्या पुस्तकाबाहेर राहिली त्यांनी केली पाहिजे, असे माझे मत आहे.

या विचाराकडे मी वळलो तो एका छापील कागदामुळे. गेल्या फेब्रुवारीत धाकट्या बहिणीला सरकारी नोकरीचा आदेश मिळाला. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा हे आमचे गाव. मुंबईला मासळीच्या शीतगृहात काम करणारा मावसभाऊ त्या आनंदासाठी बर्फात बांधलेले एक खोके घेऊन आला. रात्रीच्या गाडीने अकोला आणि तेथून एस. टी. ने गावी. खोक्यात शेवंडीच्या सहा शेपट्या होत्या. समुद्र आमच्यापासून पाचेकशे किलोमीटर दूर. घरातल्या कोणीही शेवंड पूर्वी पाहिलेली नव्हती. शेपट्यांच्या वर एक गुळगुळीत कागद होता. त्यावर इंग्रजीत पाककृती छापलेली होती आणि ती 'खास प्रसंगासाठी' आहे असे वरच सांगितले होते.

मी तो कागद वाचून दाखवला. चार माणसे, माणशी एक शेपटी. लोणी, लसूण, लिंबू. कवच वरून मधोमध कापावे, मांस उचलून कवचावर ठेवावे, भट्टीत सात-आठ मिनिटे भाजावे, कवचासकट ताटात मांडावे. खाऊन झाल्यावर कवच टाकून द्यावे.

हा कागद एक संहिता म्हणून वाचला तर काय दिसते? त्यातला वाचक चार माणसांच्या घरात राहतो. त्याच्याकडे विजेची भट्टी आहे, टेबल आहे. दारात उभे राहणारे शेजारी त्याला नाहीत. पदार्थ पुरवावा कसा, हा प्रश्न त्याला पडतच नाही. आणि खास प्रसंगाची त्याची खूण एकच आहे : मांस पांढरे आणि वेगळे काढलेले असावे, हाड, कवच, डोके यांच्याशी खाणाऱ्याचा संबंध येऊ नये. शेवंडीच्या वजनाचा एक तृतीयांशाच्या आसपासचा भागच शेपटीत असतो. बाकीचा भाग खोक्यात शिरण्यापूर्वीच कोठेतरी, कोणाच्या तरी हातांनी वेगळा झालेला असतो. त्या हातांचा कागदावर उल्लेख नाही. पाककृती 'कापावे', 'टाकावे' अशा कर्ता नसलेल्या क्रियापदांत बोलते. हे व्याकरणही निष्पाप नाही.

२

आईने शेपटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "हा त मोठा झिंगाच हाय." प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. झिंगा, खेकडा आणि शेवंड ही दहा पायांच्या, कवचधारी प्राण्यांच्या एकाच गणातली भावंडे होत. पावसाळ्यात नाल्याचे खेकडे आणि झिंगे धरणाऱ्या बाईला शेवंडीची ओळख करून द्यावी लागली नाही.

तिने शेपट्या सावकाश वितळू दिल्या. पोटाकडचे पातळ कवच कात्रीने दोन्ही कडांनी कापले, मांस सोडवले, पाठीतली काळी शीर ओढून काढली, हळद-मीठ लावून बाजूला ठेवले. मावसभाऊ कवचे गोळा करून बाहेर टाकायला निघाला तेव्हा तिने त्याला थांबवले. "टरफलं फेकू नको, त्यातच त चव हाय." कवचे ठेचून, कांद्यासह तेलावर परतून तिने पाण्यात उकळली आणि ते पाणी गाळून घेतले. भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, आले, लसूण यांचे वाटण तेल सुटेपर्यंत परतले, त्यात ते पाणी ओतले. रश्शाला दणदणीत उकळी आल्यावर अगदी शेवटी मांसाचे तुकडे सोडले. तीन-चार मिनिटांत सांभार टाकून पातेले उतरवले. इतक्या लवकर का, असे बहिणीने विचारले, तर म्हणाली, "झिंगा जास्त शिजला का चिवट होते." गुळगुळीत कागदावर घड्याळ होते. आईजवळ झिंगा होता.

कागदाच्या हिशोबाने सहा शेपट्यांत सहा माणसे जेवली असती. आमच्याकडे चौदा जेवली. दोन वाट्या रस्सा शेजारी गेला. आईने सर्वांना मांसाचा तुकडा येईल असे वाढले आणि स्वतः मागाहून कवचाला चिकटलेले चोखत बसली. माझ्या ते लक्षात आले तेव्हा माझे ताट धुऊन झाले होते. 'पुरवण्या'च्या या कलेबद्दल मी पुढे गौरवाने लिहिणार आहे. म्हणून या कलेची किंमत घरात कोण देते, हे आधीच नोंदवून ठेवतो. बाहेर जातीने जे ताट वाटले, ते घरात पुरुषाने पुन्हा वाटले आहे.

३

शेवंड मुळातच प्रतिष्ठित होती असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, युरोपीय वसाहतींच्या आरंभीच्या काळात, तिच्यासारखाच नांग्यांचा प्राणी मुबलक सापडे, आणि मुबलक म्हणून तो हलका समजला जाई. तो गरिबांचे खाणे होता. गळाला आमिष म्हणून लावीत, शेतात खत म्हणून टाकीत. १९ व्या शतकात तो डब्यात बंद होऊन दूरवर जाऊ लागला. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता आणि ज्यांना त्याची गरिबी ठाऊक नव्हती, त्यांनी तो आवडीने खाल्ला. पुढे तो कमी सापडू लागला, महाग झाला आणि श्रीमंतांच्या मेजावर चढला. प्राणी तोच, मांस तेच. बदलला तो खाणारा.

आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात येणारी शेवंड निर्यातीच्या बाजारात गेली आणि तिची गत अशीच झाली. मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड १९९० नंतरच्या काही वर्षांतच जवळजवळ संपली. काटेरी शेवंडीच्या निर्यातीसाठी सरकारने २००३ साली किमान वजन ठरवून दिले. आपल्या किनाऱ्यावरच्या मुख्य जातीसाठी ते ३०० ग्रॅम आहे. प्रतिष्ठा मिळालेल्या अन्नाला निदान कायद्याचे संरक्षण तरी मिळते.

अन्नाची प्रतिष्ठा अन्नात नसते, एवढे यावरून सिद्ध होते. मग प्रश्न असा की शेवंडीला जी बढती मिळाली ती वजडीला, रक्तीला, चान्यांना का मिळाली नाही? त्याही टाकून दिलेल्या गोष्टींतूनच निर्माण झाल्या होत्या. त्यांनाही कसब लागत होते. उत्तर उघड आहे. शेवंड गरिबीशी जोडलेली होती. चान्या जातीशी जोडलेल्या होत्या. गरिबाचे अन्न श्रीमंताने उचलले तर ते श्रीमंताचे होते. अस्पृश्याच्या अन्नाला स्पर्श केला तर उचलणाराच बाटतो, अशी येथली व्यवस्था आहे.

या व्यवस्थेला शास्त्राधार आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन वर्ग केले आहेत आणि शिळे व उष्टे अन्न तामसांना प्रिय असते असे म्हटले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न द्यावे असे सांगितले आहे आणि चांडाळाचे जेवण फुटक्या भांड्यात नेमून दिले आहे. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. एक ग्रंथ उष्टे हातावर ठेवतो, दुसरा उष्टे खाणाऱ्याच्या स्वभावाला नाव ठेवतो. ज्याने निवडच केली नाही, त्याच्यावर आवडीचा आरोप!

४

मराठीतला पाककृतीचा ग्रंथव्यवहार या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे घराघरात पोचली. या लेखिकांनी स्त्रियांच्या तोंडी ज्ञानाला छापील रूप दिले, हे त्यांचे काम मोठे आहे. पण 'मराठी स्वयंपाक' म्हणून जो छापला गेला तो काही जातींच्या स्वयंपाकघरांचा होता. महारवाड्यातील, मांगवाड्यातील बायकांचे ज्ञान त्या मापात बसले नाही.

दुसऱ्या बाजूला आपले वाङ्मय आहे. 'बलुतं' १९७८ साली आले, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. या आत्मकथनांत अन्न जागोजागी आहे. पण ते बहुधा भूक म्हणून आहे, अपमान म्हणून आहे, निवडुंगाची बोंडे खाऊन काढलेले दिवस म्हणून आहे. हे सत्य आहे आणि ते सांगणे ऐतिहासिक गरज होती. परंतु त्या चुलीपुढे बसलेली बाई केवळ भुकेली नव्हती. ती कसबी होती. दोन दिवसांत सडणारे मांस पावसाळ्याच्या अखेरपर्यंत टिकवणे ही साधी गोष्ट नाही. प्रस्थापितांनी तिचे ज्ञान वगळले. आपण तिचे दुःख लिहिले, पण तिचे ज्ञान आपणही बरेचसे वगळले.

अलीकडे ही कोंडी फुटू लागली आहे. शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर काम प्रसिद्ध केले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांचे अन्न त्यात इतिहासासह मांडलेले आहे. शीर्षकातल्या एका अक्षराने त्यांनी 'पूर्णब्रह्मा'चा दावा तपासायला लावला. त्याच वर्षी महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही हत्येवर बंदी आली. म्हणजे ज्या वर्षी हे ताट पुस्तकात आले, त्याच वर्षी त्याचा एक भाग कायद्याने पुसला गेला.

५

येथे एक आक्षेप येईल आणि तो आपल्याच माणसांकडून येईल. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे सोडायला सांगितले. ते सोडून आपण माणूस झालो. आता त्याच्या कृती लिहून पुन्हा तिकडे वळायचे काय?

हा आक्षेप मी बाजूला सारीत नाही, कारण तो माझ्या आईचाच आहे. त्या दिवशी जेवणे झाल्यावर, आजी चान्या कशा करायची, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "तुले काहाले पायजे ते? लिवशील त लोकं हासतीन." तीच बाई तासापूर्वी शेवंडीची कृती शेजारणीला मोठ्याने सांगत होती. वर्गात मी विद्यार्थ्यांना आपल्या घरच्या एका पदार्थाची कृती लिहायला सांगतो, तेव्हा सर्व वस्त्यांतून पुरणपोळीच येते. सर्वांच्या घरी पुरणपोळी होते हे खरे. पण फक्त पुरणपोळीच होते हे खरे नाही.

माझे उत्तर असे आहे. बाबासाहेबांनी नाकारली ती लाचारी. मेलेले जनावर ओढण्याची सक्ती आणि तिच्या मोबदल्यात मिळणारे मांस, हे एकाच साखळीचे दोन दुवे होते. म्हणून साखळी तोडायची तर मांसही सोडणे भाग होते. आजीच्या पिढीने १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ते सोडले. सोडणे सोपे नव्हते, कारण त्या जागी लगेच दुसरे अन्न येणार नव्हते. उपाशी राहून दिलेला तो नकार होता. पदार्थ विसरला तर हा नकारही विसरला जाईल. काय सोडले हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला सोडण्याची किंमत कशी कळावी?

म्हणून आपली पाककृती गुळगुळीत कागदासारखी असून चालणार नाही. साहित्य आणि कृती यांच्याबरोबर तिच्यात आणखी चार गोष्टी आल्या पाहिजेत : हे कोठून आले, कोणी दिले आणि का दिले, घरात कोणी शेवटी खाल्ले, आणि केव्हा व का सोडले. क्रियापदांना कर्ता असला पाहिजे. 'वाळवावे' असे न लिहिता 'आजीने वाळवले' असे लिहिले पाहिजे. असे लिहिले नाही तर उद्या कोणीतरी हॉटेलवाला चान्या पांढऱ्या बशीत मांडून 'खास प्रसंगासाठी' विकील, आणि शेवंडीच्या मेजावर शेवंडीची गरिबी जशी कोणाला आठवत नाही, तशी आपली जातही सोयीने विसरली जाईल. जात मात्र जाणार नाही.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसले पाहिजे. त्या आधी नाही म्हणतील. त्यांच्या 'नाही'चीही नोंद करावी, कारण ती लाज त्यांची नव्हे. ती त्यांच्यावर लादलेली आहे. आणि हे काम ऐकणाऱ्याने भांडी घासता घासता करावे, म्हणजे त्यांना बोलायला वेळ मिळेल.

माझी आजी आता नाही. आईने अजून मला चान्यांची कृती सांगितलेली नाही. फक्त मागच्या रविवारी, मी काही विचारले नसताना, एवढे म्हणाली की मांस दोरीसारखे लांब कापावे लागे, मधे तुटले तर आजी रागवायची. मी ते लिहून ठेवले आहे.