खलनायकाविना म्हातारपण

दि गोवा हिंदू असोसिएशनने १९७० साली कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी मनात म्हाताऱ्याच्या दैन्याचे एकच चित्र ठसून राहिले आहे. सर्वस्व मुलांना वाटून देणारा बाप, आणि वाटणी होताच ज्यांना तोच बाप घरात जड होतो अशी मुले! डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले आप्पासाहेब बेलवलकर आम्हांसही विसरता येत नाहीत. तरीही या थोर नाटकाने लावलेल्या सवयीविषयी आमची एक तक्रार आहे, आणि ती माधवनगरात सुचली.

उज्जैनच्या या वस्तीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभ्याने दिवसभर इस्त्री करतात. आम्ही वकिली जिभेने एकदा सुचविले, ‘‘बाबा, मुलाकडून पोटगी मागता येते.’’ ते हसले. ‘‘वकीलसाहेब, पोरगा हमाली करतो. त्याच्यापाशी काय मागू?’’

या उत्तरापुढे आमचे नाटक आणि आमचा कायदा, दोन्ही उणे पडतात. आप्पासाहेबांपाशी द्यावयास काही होते, म्हणून कृतघ्नतेला वाव होता. येथे दोष द्यावा असा पुत्रच नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मात्र तेच कथानक गिरवितो. स्वतःच्या मिळकतीवर निर्वाह न होणाऱ्या मातापित्यांनी न्यायाधिकरणापुढे जावे व मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवावा. परंतु रिकाम्या खिशावर हुकूम बजावून हाती काय लागणार?

उरते सरकारी पेन्शन. दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये; त्यात राज्ये आपली भर घालतात. महाराष्ट्राने आपल्या योजनेला नावही श्रावणबाळाचे दिले. राज्याच्या कर्तव्यालाही आम्ही पुत्रधर्माचाच मुखवटा चढविला.

देवळाच्या दारी हार विकणारी आजी दिसली की ‘मुले बघत नसतील’ असे पुटपुटून आम्ही तिच्याशी दोन रुपयांची घासाघीस करतो. तिची मुले कदाचित सुशीलच असतील, आणि तिच्याइतकीच दरिद्री. तिचे हात का थांबत नाहीत, हे सांगणारे नाटक आम्हांस हवे आहे. ते लिहिले जाईपर्यंत निदान घासाघीस तरी थांबवावी.