मिशीच्या आड

आईने रजनीकांतला ओळखलं नाही. तेही कुठे, तर बंगळूरच्या हनुमंतनगरात. याच गल्ल्यांमध्ये हा माणूस शिवाजीराव गायकवाड म्हणून लहानाचा मोठा झाला, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड बोलला, पुढे शहराच्या बसमध्ये कंडक्टर झाला. वरच्या मजल्यावरच्या मामींनी त्या दुपारी त्याचा 'तिल्लु मुल्लु', म्हणजे 'गोलमाल'चा तमिळ अवतार, लावला होता. आईला तमिळ ओ की ठो कळत नाही, पण ती प्रत्येक विनोदाला मामींच्या आधी हसत होती, कारण 'गोलमाल' तिला तोंडपाठ. आणि तरीही पडद्यावर बिनमिशीचा तरुण आला, तेव्हा ती म्हणाली, "अगं, हा कोण आता नवा?"

मामींना हसू आवरेना. मला वाटलं, या सिनेमाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललंच नव्हतं. एवढीशी मिशी काढली की माणूस ओळखू येत नाही, असं कुठे असतं का, हा 'गोलमाल'वरचा नेहमीचा आक्षेप. माझ्यासमोर, दोन फुटांवर, मटार सोलत बसलेल्या एका शहाण्यासुरत्या बाईच्या बाबतीत ते नुकतंच घडलं होतं.

हृषीकेश मुखर्जींचा 'गोलमाल' १९७९चा. रामप्रसादला, म्हणजे अमोल पालेकरांना, नोकरी हवी आहे. मालक भवानीशंकर, म्हणजे उत्पल दत्त, यांची मतं दगडावर कोरलेली: तरुणाला खेळाचं वेड नसावं, कपडे साधे असावेत, आणि मिशी असावीच. मिशी नसलेल्या माणसावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. रामप्रसाद सगळं जमवतो, नोकरी मिळवतो आणि मग हॉकीच्या सामन्याला मालकाच्याच नजरेस पडतो. सुटकेसाठी तो एक जुळा भाऊ जन्माला घालतो: लक्ष्मणप्रसाद, बिनमिशीचा, उनाड. पुढचा सिनेमा म्हणजे या दोघांना एकाच अंगावर वागवण्याची कसरत.

पण त्यातलं पहिलं वेषांतर मिशीचं नाही, ते कुर्त्याचं आहे. मुलाखतीला घालायचा साधा कुर्ता रामप्रसादकडे नाही. मित्र नट आहे (देवेन वर्मा इथे देवेन वर्माच झाले आहेत), त्याच्या ओळखीने कुर्ता मिळतो, आणि तो आखूड निघतो. कुठल्याही सामान्य प्रहसनात हा आखूडपणा लपवण्याची धडपड दाखवली असती. खाली ओढ, फाईल आड धर वगैरे. इथे भवानीशंकरांची नजर कुर्त्यावर जाते आणि रामप्रसाद शांतपणे सांगतो की कुर्ता असा आखूड शिवला की कापड वाचतं. भवानीशंकर विरघळतात. वेषातलं उघडंनागडं व्यंग तोच त्या वेषाचा सर्वांत पक्का पुरावा ठरतो. मला तर हा प्रसंग सगळ्या सिनेमाची किल्ली वाटतो. सोंग घेणाऱ्याने टाका अर्धवट सोडायचा. बघणाऱ्याला ज्याची हौस असते, तो दोरा तो स्वतःच ओवतो.

मिशीचा हिशेब तर आणखी गमतीचा आहे. मुलाखतीच्या दिवशी रामप्रसादची मिशी खरी असते. खोटं असतं ते बाकीचं सगळं: ती शुद्ध हिंदी, खेळाविषयीचं अज्ञान, खाली झुकलेली नजर. पुढे लक्ष्मण व्हायचं म्हणून खरी मिशी भादरावी लागते आणि कचेरीतल्या रामप्रसादला चिकटवलेली मिशी लावून यावं लागतं. आता बघा, लक्ष्मण हा थापेतून जन्मलेला माणूस, पण त्याचा चेहरा खरा, त्याचं गाणं खरं, त्याचं खेळाचं वेड खरं. रामप्रसाद नावानिशी, कागदोपत्री खरा, पण ओठावर डिंक. भवानीशंकर ज्याच्यावर जीव टाकतात तो संपूर्ण बनावट, आणि ज्याला घराबाहेर काढू पाहतात तोच अस्सल.

पालेकरांनी हे अंगात कसं मुरवलंय ते एकदा आवाज बंद करून बघावं. मी तसं बघितलंय. आवाज बंद केला की मिशी गौण होते. रामप्रसाद समोरच्याला जागा देत उभा राहतो, लक्ष्मण जागा घेत. एवढ्या फरकावर दोन माणसं उभी राहतात. बाजारात विकत मिळणारी वस्तू फक्त मिशी.

चिकटवलेल्या मिशीचा मला स्वानुभव आहे. मुलींच्या शाळेत स्नेहसंमेलनाला मी तानाजी होते. स्पिरिट गमने लावलेली मिशी दिव्यांच्या उकाड्यात एका बाजूने सुटली आणि लढाईच्या ऐन भरात तोंडात येऊ लागली. पहिल्या रांगेला ते नक्की दिसत होतं, पण कुणी हसलं नाही. मी हात वर नेऊन ती दाबली, त्या क्षणी सभागृह कोसळलं. नाटकवाले म्हणतात ते पुढे कळलं: मिशी पडली तर पडू दे, तिकडे बघू नकोस.

'गोलमाल'मध्ये मिशी उघडकीला येते तो प्रसंग म्हणूनच मला थोर वाटतो. भवानीशंकरांना कळतं की समोरच्या रामप्रसादची मिशी खोटी आहे. आता तरी डोळे उघडावेत. उघडतात, पण भलतीकडेच: ते ठरवतात की हा लक्ष्मणच, आणि याने बिचाऱ्या रामप्रसादचा खून करून त्याची जागा घेतली आहे! पुरावा हातात आला तरी जुळ्यांवरची श्रद्धा हलत नाही. उलट तिच्यासाठी एक मुडदा पाडायची त्यांची तयारी आहे. उत्पल दत्तांनी हा सात्त्विक संताप इतक्या मनापासून केला आहे की त्यांना मूर्ख म्हणायला जीभ रेटत नाही. माणूस तत्त्वाचा आहे. त्याला चेहरे दिसतच नाहीत, त्याला मिश्या दिसतात.

मूळ आक्षेपाचं उत्तर मला इथे सापडतं. विनोदी कथेतलं सोंग प्रेक्षकाला पटावं लागत नाही. ते कथेतल्या एकाच माणसाला पटावं लागतं, आणि त्याला पटण्याचं कारण त्याच्या स्वभावात आधीपासून पेरलेलं असावं लागतं. रंगभूषाकाराचं काम तिथे थोडंच. खरं काम लेखकाचं. 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती ही बाई वाटावी असा कुणाचा दावाच नाही. पण घरमालकीण लीलाबाई काळभोरांना सडे तरुण नकोत, जोडपी हवीत; जोडपी दिसली की त्यांचं बघणं संपतं. पदराखाली कोण आहे, हे विचारायला त्या कशाला जातील?

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बालगंधर्व. तिथे सोंग प्रेक्षकालाच पटायचं होतं, म्हणून शालू खरे, दागिने खरे, अत्तरही खरं. आणि पटलंही इतकं की घरंदाज बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करू लागल्या. ती कला मोठीच. पण तिथे हसायला वाव नाही, कारण फट नाही.

दूरदर्शनच्या मालिकांना ही फट फार लवकर उमगली. १९८४ साली 'ये जो है जिंदगी' सुरू झाली, शरद जोशींच्या लेखणीची, आणि तीत सतीश शाह दर भागात नव्या माणसाच्या रूपात येत. असे पन्नासहून अधिक झाले. प्रत्येक वेळी घराघरांतून आरोळी उठायची, "आला सतीश शाह!" म्हणजे वेष पहिल्याच क्षणी फुकट गेलेला. तरी शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघ उमटत नसे, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नसे. दर आठवड्याला तोच माणूस त्याच घरात शिरतो आणि घरच्यांना तो अनोळखी असतो, हा करार आपण सही न करता पाळला. अमेरिकेतल्या 'आय लव्ह लूसी'ने हाच करार एकदा काडी लावून जाळला. १९५५च्या त्या भागात खरा नट विल्यम होल्डन घरी येतो, लूसीने ओळख लपवण्यासाठी पुटीचं खोटं नाक लावलेलं असतं. तो सभ्यपणे तिची सिगारेट पेटवायला जातो आणि नाकच पेट घेतं. ती काय करते? नाक कॉफीच्या कपात बुडवते. आखूड कुर्त्याची ही सख्खी बहीण. फसलेलं सोंग झाकायला ती जे करते, ते सोंगाहून सरस.

पण 'तिल्लु मुल्लु'कडे परत येते, कारण मामी अजून हसताहेत. के. बालचंदर यांनी तो १९८१ साली केला. भवानीशंकरांच्या जागी तेंगाई श्रीनिवासन, देवेन वर्मांच्या जागी नागेश, हॉकीच्या जागी फुटबॉल. नोकरीसाठी नायक जे नाव सांगतो ते अय्यमपेट्टै अरिवुडैनंबी कलियपेरुमाळ चंद्रन. एवढं नाव उच्चारून होईतो माणूस सज्जन आहे असं वाटायला लागतं. नावाचाही वेष असतो, आणि हा तर पायघोळ आहे.

खरा फरक मात्र मिशीच्या मालकीचा. पालेकर मध्यमवर्गीय चेहऱ्याचे, मिशी लावा नाहीतर काढा, शेजारचाच मुलगा. रजनीकांतची गोष्ट तशी नव्हती. १९७५च्या 'अपूर्व रागंगळ'पासून सहा वर्षांत या माणसाने दरारा, सिगारेट आणि मिशी एवढ्या भांडवलावर साम्राज्य उभं केलं होतं. मिशी उतरवायला ते आधी राजी नव्हते, ही गोष्ट तमिळ सिनेमाची माणसं अजून सांगतात, आणि ते स्वाभाविकच होतं. कंडक्टर असताना हौशी कन्नड नाटकात त्यांनी दुर्योधन केला होता; दुर्योधनाला गदा नसली तर चालेल, मिशी नसून कसं चालेल? बालचंदरांनी ती काढायला लावली आणि खाली एक निराळाच माणूस निघाला: पोरसवदा, लाघवी, डोळ्यांनी खट्याळपणा करणारा. प्रेक्षकांसाठी मिशीवाला चंद्रन हा ओळखीचा रजनी आणि बिनमिशीचा इंद्रन हा परका. 'गोलमाल'मध्ये सोंगाची मिशी आपल्याला खोटी दिसते. इथे सोंगच घरचं वाटतं आणि उघडा ओठ हे वेषांतर. आईचं चुकलं नव्हतंच.

आज हे आणखी उलटं झालंय. पडद्यावर दाट केस आणि पडद्याबाहेर टक्कल, पांढरी दाढी, साधा पांढरा शर्ट अशा रूपात तो माणूस समारंभांना बिनदिक्कत जातो. मामी म्हणतात, त्यांनी तसा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना हे कुणा नातेवाईकाचं छायाचित्र वाटलं होतं. गविपुरमच्या देवळाकडे तोंड करून त्यांनी लगेच कान पकडले.

कन्नडमध्येही ही गोष्ट आली, १९९० साली, शिवराजकुमार आणि राघवेंद्र राजकुमार यांना घेऊन, आणि नाव होतं 'आसेगोब्ब मीसेगोब्ब'. एक हौसेसाठी, एक मिशीसाठी. कन्नडात मिशीला मीसे म्हणतात, तेव्हा हे आईला समजावून सांगावं लागलं नाही. तिचं म्हणणं, तिन्ही सिनेमांत हेच नाव सगळ्यात प्रामाणिक. मला पटतं, फक्त त्या नावाने गुपित तिकिटाच्या खिडकीवरच फुटतं.

मग आईच्या हट्टाने 'गोलमाल' लावला, मामींसाठी. शेवटी सगळ्या घराचा एकत्र फोटो येतो. त्यात भवानीशंकर आहेत, आणि त्यांची मिशी नाही. उत्पल दत्तांचा वरचा ओठ प्रथमच उघडा पडलेला, आणि चेहरा एकदम कुणा दुसऱ्याच, बऱ्यापैकी मवाळ गृहस्थाचा. मामी पुढे झुकल्या, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "हे कोण? मघाशी नव्हते."

आई मटाराची टोपली घेऊन स्वयंपाकघरात गेली. जाता जाता हसत होती.